पाय धुण्याची चिठ्ठी

वाघबिळाच्या वळणावर एस.टी. सोडली,
चढ चढून वर आलो तर दारातच दुरडी.
काळोखे पाळक म्हणाले, मोबाईल ह्यात ठेवा,
तीन दिवस कुठं काही पेटणार नाही.
आम्ही एकोणीस जणांनी एकमेकांकडं बघितलं.
पेटतंच की, पाळक,
म्हणून तर आलोय.
तरी ठेवले. माझा सगळ्यात शेवटी,
तापातल्या पोराला निजवावं तसा, उताणा.

मौन मला ठाऊक नव्हतं.
ठाऊक होतं ते गप्प बसवणं,
कलेक्टर कचेरीतलं,
"साहेब मीटिंगमध्ये आहेत" नावाच्या बाकावरचं.
इथं कुणी कुणाला बसवलं नव्हतं
आणि तेच अवघड जात होतं.
इचलकरंजीचे मुबारकभाई जमादार,
मागांच्या खडखडाटात निम्मे कान गेलेले,
ते एकटे पहिल्या तासापासून निवांत.
बाकी आमचे ओठ हलायचे,
घोषणा चघळत असल्यासारखे.

पहाटे खालच्या गुऱ्हाळाचा वास वर यायचा.
भेंडीचं पाणी पडलं की काहिलीत मळी वर येते,
गुळव्या ती झाऱ्यानं काढतो, घाई न करता.
मी खिडकीत बसून तेवढंच ध्यान केलं.
दुसरं जमत नव्हतं.

माझ्या भिंतीवर बुद्ध,
सासरच्या देव्हाऱ्यात जोतिबा;
मुबारकभाई दुपारी चटई घेऊन गच्चीवर जायचे.
पाळकांनी कुणाला क्रुसाकडं वळवलं नाही.
फक्त दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला
पितळी घंगाळ आणलं, टॉवेल,
आणि बिस्किटाच्या डब्यात एकोणीस चिठ्ठ्या.
वाचलं एवढंच, की मरणाच्या आदल्या रात्री
गुरूनं शिष्यांचे पाय धुतले.
विकणाऱ्याचेही.

माझ्या चिठ्ठीत: कृष्णात वायदंडे.

चेंबरात उतरून गुदमरलेला संदेश आवळे,
वय तेवीस, दोरीसुद्धा दिली नव्हती.
अठ्ठावीस दिवस आम्ही महापालिकेच्या दारात बसलो.
केस शेवटपर्यंत न्यायची ठरलेली.
एकोणतिसाव्या दिवशी कृष्णात आत गेला
आणि तडजोडीवर सही करून बाहेर आला.
बिंदू चौकात, माइकवर,
मी त्याला विकला गेलेला म्हटलं.
चार वर्षं झाली. लग्नात, मयताला, मोर्चात
आम्ही एकमेकांच्या खांद्यावरून पलीकडं बघतो.

तो बाकावर बसला. चपला काढल्या.
पट्ट्यांखालचं कातडं फिकट राहिलेलं,
डाव्या अंगठ्याला नख नाही,
घोट्याच्या वर ॲसिडनं भाजल्याचा डाग, तळहाताएवढा.
पंधरा वर्षं हे पाय माझ्या पुढं चालले
आणि मी मागून डोकी मोजत होते.

खरं तर कागदावर सहीशेजारी
एक निळा अंगठाही होता, संदेशच्या आईचा.
त्या अंगठ्याबद्दल मी कधी अवाक्षर काढलं नाही.
म्हातारीला काय बोलणार?
ज्याला लिहिता येतं त्याला बोलता येतं.
हे मला घंगाळावर वाकल्यावर कळलं असं नाही.
कळलेलं होतं. वाकले नव्हते.

उजवा पाय धुतला. पुसला.
माफी वगैरे काही नाही,
टॉवेल ओला झाला, एवढंच.
तर हा खाली वाकून, नियम मोडून, कुजबुजला,
"पाणी लई गार हाय, अक्का."

चार वर्षांतलं पहिलं वाक्य.
मी उठले, घंगाळ उचललं,
मागच्या पडवीतल्या बंबातून कडत पाणी आणलं
आणि डाव्या पायाला बसले.

तिसऱ्या दिवशी दुरडीतून मोबाईल परत,
त्र्याहत्तर मिस्ड कॉल, सगळीकडं पेटलेलं.
मौन सुटलं होतं,
तरी वाघबिळाच्या थांब्यावर आम्ही दोघं गप्प.
गाडी आली. कंडक्टरपुढं नोट धरून
कृष्णात म्हणाला, एक फुल, एक हाफ.
मी खिडकीकडं तोंड केलं.
केसचा नंबर मला अजून पाठ आहे.
शिवाजी पुलापर्यंत मी तो
मनातल्या मनात म्हणत आले.